अस्मानी की सुलतानी?

सरकारी प्रश्नावल्या, जाहिराती आणि नागरिकांचे अर्ज हे समीक्षेचे विषय नव्हेत, असे आपल्याकडे सामान्यतः मानले जाते. समीक्षकाने कविता वाचावी, कादंबरी वाचावी, फार तर एखादे आत्मचरित्र वाचावे. कारभाराचे कागद कारभाऱ्यांनी आणि वकिलांनी वाचावेत. ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. जेथे एक माणूस शब्दांच्या साहाय्याने दुसऱ्याला काही पटवू पाहतो, तेथे त्या शब्दांची पारख करणे हे समीक्षेचेच काम आहे. त्यातही ज्या लेखनाचा परिणाम कोट्यवधी माणसांच्या रोजच्या व्यवहारावर होतो, त्याच्याकडे केवळ ते रूक्ष आहे म्हणून समीक्षेने पाठ फिरवावी, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. इंटरनेटच्या कारभाराविषयी गेल्या दहा-अकरा वर्षांत आपल्या देशात जे लेखन झाले त्यातले तीन-चार नमुने मी येथे वाचणार आहे. वाचण्याची रीत मात्र साहित्याच्या वाचकाचीच ठेवणार आहे. येथे कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, आणि ज्याच्याविषयी हे बोलणे चालले आहे त्याला या बोलण्यात कोठे जागा आहे काय, हे मला पाहावयाचे आहे.

प्रथम आपली रोजची बोली पाहू. मराठी माणूस म्हणतो, ‘रेंज येत नाही’, ‘नेट गेले’, ‘आज नेट फार हळू चालते आहे’. या वाक्यांना व्याकरणातला कर्ता आहे. पण करणारा कोणी नाही. पाऊस यावा तशी रेंज येते आणि वारा पडावा तशी ती जाते. एकच क्रिया तेवढी आपण प्रथमपुरुषात सांगतो, ती म्हणजे ‘पॅक मारला’. म्हणजे दाम मोजणारा मी, आणि त्यापुढचे सारे निसर्गाधीन! आपल्या शेतकरी समाजाने संकटांची एक जुनी वाटणी केलेली आहे. काही संकटे अस्मानी, काही सुलतानी. अस्मानी संकटापुढे हात जोडावयाचे असतात. सुलतानी संकटात निदान दाद मागण्याची सोय असते, कारण तेथे करणारा माणूस असतो. आपण मराठी माणसांनी इंटरनेट हे नकळत अस्मानीच्या खात्यात टाकले आहे. ते वस्तुतः सुलतानीच्या खात्यातले आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

एक उदाहरण पुरे. एखाद्या जिल्ह्यात तणाव निर्माण होतो आणि तेथले नेट बंद पडते. गावातला माणूस म्हणतो, ‘नेट गेले’. पण ते गेलेले नसते, बंद केलेले असते. राज्यात असा आदेश काढण्याचा अधिकार सामान्यतः गृहखात्याच्या सचिवाचा असतो. त्याच्या खाली सही असते, तारीख असते. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला त्यांविरुद्ध दाद मागावयाची असेल त्याला ती मागता येईल. ‘नेट गेले’ आणि ‘अमुक अधिकाऱ्याने अमुक तारखेला नेट बंद केले’ या दोन वाक्यांतले अंतर हे केवळ शैलीचे अंतर नव्हे. पहिले वाक्य रयतेचे आहे, दुसरे नागरिकाचे.

या प्रश्नाला आज जे महत्त्व आले आहे ते संख्येमुळेही आले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे मार्च २०१५ अखेर देशात इंटरनेटचे सुमारे ३० कोटी वर्गणीदार होते. मार्च २०२४ अखेर ते ९५ कोटींवर गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि चैनीची म्हणून जी वस्तू गणली जात होती ती भाजीवाल्याच्या गाड्यावरच्या चौकोनी छापाच्या रूपाने बाजारात येऊन बसली. रेशन, पीकविमा, परीक्षेचे अर्ज, दवाखान्याची वेळ, सगळ्याची वाट आता तिच्यावरून जाते. वापर असा घराघरांत पोचला. त्या वापराच्या नियमांविषयी बोलणेही घराघरांत पोचले काय, असे विचारले तर उत्तर देताना थबकावे लागते.

एक काळ असा आला होता की, ते पोचेल असे वाटावे. २७ मार्च २०१५ रोजी नियामक प्राधिकरणाने एक विचारविनिमयपत्र प्रसिद्ध केले. त्याची पृष्ठे ११८ आणि शेवटी लोकांसाठी प्रश्न २०. विषय मोठा होता. तारांचे व मनोऱ्यांचे जाळे ज्या कंपन्यांच्या मालकीचे, त्यांना त्या जाळ्यातून जाणाऱ्या निरनिराळ्या सेवांत डावे-उजवे करता यावे काय? एका संकेतस्थळाला मोफत वाट द्यावी, दुसऱ्याला पैसे भरावयास लावावेत, तिसऱ्याची गती कमी करावी, असे चालेल काय? हा सारा वाद पुढे ‘नेट न्यूट्रॅलिटी’ या नावाने गाजला. मराठीत त्याला जालतटस्थता म्हणतात. शब्द बरा आहे, पण तो अजून कोणाच्या तोंडी बसलेला नाही.

हे पत्र मी साहित्याच्या वाचकाच्या सवयीने वाचले. त्यातली पहिली गोष्ट जाणवते ती अशी की, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. प्रश्न ‘हितसंबंधीयां’ना विचारलेले आहेत. हा इंग्रजीतला शब्द मराठीत आणताना आपली जी ओढाताण होते ती बोलकी आहे. ‘हितसंबंधी’ म्हटले की मराठी कानाला स्वार्थाचा वास येतो. ‘भागधारक’ म्हटले की कंपनीचा नफा आठवतो. ज्या माणसाला या कागदात बोलावयाचे आहे त्याला हाक मारण्याजोगे नावच नाही. प्रश्नही असे की, त्यांच्या पोटात अर्धे उत्तर आधीच शिजवून ठेवलेले. ११८ पाने इंग्रजीत वाचून, परवानापद्धतीचे बारकावे समजून घेऊन मग उत्तर लिहावयाचे, हे काम कंपन्यांच्या पगारी वकिलांचे. दाराला कुलूप नव्हते हे खरे. पण उंबरठा छातीइतका उंच होता.

तरीही लोक आत शिरले. काही तरुण स्वयंसेवकांनी वीस प्रश्नांची उत्तरे तयार केली, ती एका संकेतस्थळावर ठेवली आणि एक कळ दाबली की पत्र प्राधिकरणाकडे जाईल अशी व्यवस्था केली. मुंबईच्या एका विनोदकार मंडळीने एप्रिल २०१५ मध्ये हा सारा क्लिष्ट विषय हसतखेळत समजावून सांगणारी चित्रफीत काढली. दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. आपल्या देशात एखाद्या नियामक संस्थेच्या कागदाला एवढी उत्तरे यावीत ही घटना अभूतपूर्वच म्हटली पाहिजे.

या पत्रांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका पक्षाला तो लोकशक्तीचा उद्रेक वाटतो, दुसऱ्याला ती निव्वळ नक्कल वाटते. मला दोन्ही मते उतावळी वाटतात. बहुतेक पत्रांचा मजकूर दुसऱ्याने लिहिलेला होता हे खरे. पण अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेणारा माणूस त्या अर्जाचा मालक नसतो काय? १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सुमारे सहा हजार लोकांच्या मुखत्यारपत्रांवर पंचाण्णव प्रतिनिधी उभे राहिले होते. ते सहा हजारही सभेची निवेदने स्वतः लिहीत नव्हते. दुसऱ्याच्या शब्दांना आपली सही देणे ही लोकशाहीतली जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. फरक असलाच तर येथे आहे की, मुखत्यारपत्र देणारा आपला मुखत्यार ओळखत होता, त्याला वाटेत अडवून जाब विचारू शकत होता. बोटाच्या एका टेकणीने दिलेल्या सहीला हा शेजार उरत नाही. तरी या पत्रांचा एक गुण मान्य करावयास हवा. जे विचारले होते त्याचे उत्तर त्यांत होते.

याच सुमारास उलट्या बाजूचे लेखनही सुरू झाले, आणि मराठी वाचकाने ज्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे लेखन ते हेच. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत एक योजना आणली होती. ठरावीक संकेतस्थळे मोफत पाहा, बाकीच्यांना पैसे मोजा, असे तिचे स्वरूप. सप्टेंबरात तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ९ डिसेंबर २०१५ रोजी प्राधिकरणाने अशा भेदभावाच्या दरांविषयी दुसरे पत्र काढले. या खेपेस प्रश्न अवघे चार होते. आणि २८ डिसेंबर रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मार्क झुकरबर्ग यांचा लेख आला. त्या लेखाचा नायक होता महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी.

गणेश फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज पाहतो, बाजारभाव पाहतो, आणि आता तो नव्या पिकांत व गुराढोरांत पैसा घालतो आहे. त्याने आपले पीक नीट सांभाळले तर इंटरनेटचे काय बिघडते, असा लेखकाचा सवाल. मी या गणेशकडे एक पात्र म्हणून पाहतो. ‘बनगरवाडी’ आणि ‘धग’ वाचलेल्या वाचकाला हे पात्र क्षणभरही उभे राहिलेले दिसणार नाही. त्या लेखात गणेशला गाव नाही. त्याची जमीन जिराईत की बागाईत हे ठाऊक नाही. त्याच्यावर कर्ज किती, भाऊबंदकी आहे की नाही, बाजारभाव कळल्यावर माल तालुक्याला न्यावयास त्याच्याकडे गाडी होती काय, यांतले काहीही नाही. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो पाहतो, शोधतो, सुधारतो. बोलत मात्र नाही. जाहिरातीतल्या शेतकऱ्याचे हे लक्षणच आहे. त्याला गरज असते, पण मत नसते.

त्याच लेखात वाचनालयाचा दृष्टांत होता. वाचनालयात सगळी पुस्तके नसतात, तरी ते उपकारकच असते, असा त्याचा आशय. दृष्टांत देखणा आहे. पण तो ताणून पाहावा. वाचनालयातली पुस्तके कमी असतात ती कपाटे आणि पैसे अपुरे म्हणून. येथे मर्यादा कपाटांची नव्हती, नियमांची होती. आणि ते नियम ग्रंथपालाने नव्हे, गावात स्वतःचेही मोठे दुकान चालवणाऱ्या एका सावकाराने ठरवले होते. तालुक्याच्या एखाद्या पोराने मराठीत बाजारभावाचे नवे संकेतस्थळ काढले, तर ते गणेशच्या मोफत पानावर यावयास त्या सावकाराच्या अटी मान्य कराव्या लागणार. गणेशला हे ठाऊक असते तर तो काय म्हणाला असता? हा प्रश्न लेखकाला सुचला नाही, कारण गणेशला बोलू द्यावयाचे हे त्याच्या योजनेतच नव्हते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. फ्री बेसिक्सच्या विरोधात लिहिणाऱ्यांच्या हातात आधीच पुरते इंटरनेट होते. ज्याचे पान भरलेले आहे त्याने उपाशी माणसाला ‘शिळे खाऊ नकोस’ म्हणावे, असा काहीसा हा प्रकार झाला नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. विरोधकांच्या पत्रांतही गणेश तृतीयपुरुषीच होता; ती पत्रेही मुख्यतः इंग्रजीतच होती. पण शिळे नाकारणे म्हणजे उपाशी ठेवणे, हे समीकरण मात्र चुकीचे होते. सगळ्या इंटरनेटला लागू पडेल असा थोडा डेटा मोफत देण्याची वाट मोकळीच होती. खुद्द प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा सुमारे १०० एमबी डेटा मोफत मिळावा, अशी शिफारस केली.

फेसबुकच्या मोहिमेतूनही लाखो पत्रे प्राधिकरणाकडे गेली. त्यांत योजनेची तारीफ होती. विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे बहुतेकांत नव्हती. प्राधिकरणाने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला खडसावले, ते विचारविनिमयाचे रूपांतर डोकी मोजण्याच्या खेळात होऊ नये म्हणून. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम केला. मजकूर पाहून दर बदलण्यास मनाई; मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. काही दिवसांतच फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळले गेले. या निकालात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, अधिक पत्रे कोणाची यावर तो ठरला नाही. कारणे कोणाची टिकतात यावर ठरला. वाङ्मयाच्या व्यवहारातही आपण हेच म्हणतो. आवृत्त्यांची संख्या म्हणजे ग्रंथाची किंमत नव्हे.

आता शेतकऱ्याला बोलू देणारे लेखन कसे असते ते पाहू. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. तेही एका सरकारी विचारविनिमयाला दिलेले उत्तरच होते. सरकारचा महसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हा त्यातला मुद्दा. ते निवेदन इंग्रजीत होते, कारण आयोगाची भाषा ती होती. पण दुसऱ्याच वर्षी, १८८३ साली, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मराठीत लिहून पुरा केला. त्यात शेतकरी दयेचा विषय म्हणून येत नाही. त्याचे घर, त्याचे चूल-भांडे, त्याची कचेरीतली वणवण, कारकुनाची मखलाशी, सगळे नावानिशी येते. ज्याला शेतकरी दैव म्हणतो त्याच्यामागे माणसे आहेत आणि त्यांचे कायदे आहेत, हे जोतीराव त्याला दाखवून देतात. अस्मानी म्हणून सोसलेले दुःख सुलतानी आहे असे सांगणे, हेच त्या ग्रंथाचे काम. इंग्रजीत निवेदन आणि मराठीत असूड, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लागोपाठ केल्या. आपल्याला नेमके हेच जमलेले नाही. आपली निवेदने झाली. असूड झाला नाही.

आणि आता तर निवेदनांचीही वाट अरुंद होत चालली आहे. २०१५ सालच्या पत्रांचे प्राधिकरणाने काय केले? ती सगळी पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकली. लोक चिडले, आणि ते चिडणे रास्त होते. दहा वर्षांनी याच्या अगदी उलट टोक पाहावयास मिळाले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. ३ जानेवारी २०२५ रोजी त्याच्या नियमांचा मसुदा निघाला आणि लोकांची मते मागवली गेली. मुदत वाढून ५ मार्चपर्यंत झाली. या वेळी सरकारने जाहीर केले की, आलेली मते विश्वस्त म्हणून जपून ठेवली जातील, ती कोणालाही दाखवली जाणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम पक्के झाले. माणसाचा पत्ता झाकणे योग्यच. पण त्याचे मतही झाकले तर वाद होणार कसा? कंपनीने काय मागितले, ग्राहकसंघटनेने काय मागितले आणि सरकारने कोणाचे का ऐकले, हे ताडून पाहण्याची सोय २०१६ साली होती. ती येथे उरली नाही. ज्या पत्रव्यवहाराचे वाचन होऊ शकत नाही त्याला विचारविनिमय म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

याच कायद्यात भाषेविषयी एक चांगली तरतूद आहे. तुमची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने जी सूचना द्यावयाची, ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय तुम्हांला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीतही. परंतु या कायद्याचे नियम कसे असावेत असे सरकारने लोकांना विचारले, तेव्हा मसुदा राजपत्रात आला तो हिंदी व इंग्रजी या दोन भाषांत. संमती द्यावयाची ती मराठीत चालेल. मत द्यावयाचे ते मात्र दुसऱ्या भाषेतला मसुदा वाचून! ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरण-परिणामांविषयीच्या मसुद्याचे सर्व २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, हेही येथे विसरून चालणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते की, विषय तांत्रिक आहे, मराठीत तो मांडताच येत नाही. हे मला मान्य नाही. वाहत्या वस्तूची न्याय्य वाटणी कशी करावी याची भाषा मराठीत शतकानुशतके आहे. खानदेशात पांझरा, मोसम अशा नद्यांवरच्या बंधाऱ्यांवर फडपद्धती चालत आली. पाण्याची पाळी ठरलेली, ते सोडणारा पाटकरी नेमलेला, आणि त्या पाटकऱ्यावर लाभधारक शेतकऱ्यांचे लक्ष. पाटकऱ्याने आपल्या मेव्हण्याच्या वाफ्याला आधी पाणी सोडले तर त्याला काय म्हणावयाचे, हे तेथल्या निरक्षर माणसालाही कोणी शिकवावे लागले नाही. जालतटस्थतेचा गाभा यापेक्षा निराळा नाही. पाट ज्याच्या ताब्यात त्याने वाफ्यावाफ्यांत भेद करू नये. शब्द आहेत, अनुभव आहे. ते या नव्या पाटाला लावून पाहण्याचे कष्ट आपण लेखकांनी घेतलेले नाहीत.

आम्हां लेखकांचा इंटरनेटविषयीचा बराचसा मजकूर तक्रारीचा असतो. वाचन कमी झाले, मुले बिघडली, भाषा भ्रष्ट झाली. या तक्रारींतही इंटरनेट अस्मानीच असते. रोगराईसारखे ते येते आणि पिढ्या घेऊन जाते. त्याचा एखादा नियम कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला, तो बदलावयाचा तर अर्ज कोठे करावयाचा, हे विचारणारे मराठी लेखन फार थोडे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा त्याचे भाषांतर मागणे, आलेली मते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरणे, आणि त्या मसुद्याचे एक परखड वाचन मराठी नियतकालिकांनी छापणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे. गणेशने काय लिहावे हे आपण ठरवू नये. तेही त्याला तृतीयपुरुषात ठेवणेच होईल. त्याला वाचता येईल असा कागद मात्र त्याच्यापुढे ठेवला पाहिजे, आणि त्यावर त्याने काही लिहिले तर ते सर्वांना वाचावयास मिळाले पाहिजे.